शहाणा कोळसा

टेकचंद शेठच्या भट्टीवर कोळशाच्या दोनच जाती मानत. एक खुळा आणि दुसरा शहाणा.

ट्रकातून उतरायचा तो खुळा. निम्मा दगड, निम्मी माती. हातात घेतला की पापुद्रे सुटायचे आणि पेटवला की असला पिवळा धूर ओकायचा की माणसाने आईला हाक मारावी. अशा कोळशाला उल्हासनगरात कोण विचारणार? मिठाईला धुराचा वास लागला तर हलवाई मुकादमाच्या अंगावर धावून यायचा. म्हणून त्याला आधी शहाणा करायचा. बायकांनी उकिडवं बसून दगड वेचायचे, ढेकळं रचून पुरुषभर उंच ढीग करायचा, पोटात जाळ घालायचा आणि वरून भुकटी नि ओली माती थापून त्याला कोंडायचा. कोंडला की तो आतल्या आत धुमसायचा. आधी पिवळा धूर, मग पांढरा, मग निळसर, आणि शेवटी काहीच नाही. मग पाण्याच्या घागरी ओतायच्या. वाफ निवली की खालून निघायचा तो करड्या रंगाचा, हलका, भोकाभोकांचा कोळसा. एकावर एक आपटला तर खापरासारखा खणखणायचा.

"झाला शहाणा!" मुकादम हिंदुराव ओरडायचा. हा साताऱ्याकडचा गडी. बोलायचा मोठ्याने, पण मनाने वाईट नव्हता. "धूर गेला की ईष गेलं. आता घाला पोरीच्या न्हाणीत न्हाईतर देवाच्या धुपाटण्यात."

शेठने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आपल्या वखारीवर पाटीही तशीच रंगवून घेतली होती. बिनधुराचा कोळसा, घरात बिनधास्त जाळा.

हेंद्रेपाड्याची गोजरबाई या भट्टीवर दगड वेचून वेचून पाठीतून वाकली होती. बदलापूरहून गाडी पकडायची, अंबरनाथला उतरायचं आणि एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, जिथे कारखाने संपून माळ सुरू होतो तिथे, चालत जायचं. नखांतला काळा रंग आता दिवाळीच्या उटण्यानेही जात नसे. नवरा शिवराम घरचं भाताचं शेत बघायचा. दोघांच्या कष्टावर मागल्या वर्षी त्यांनी जुन्या कुडाच्या घराला लागून विटांची एक खोली बांधली होती. सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, दाराला सुताराने मापात बसवलेली फळी. लावलं की वाऱ्याची झुळूक आत यायची नाही. शिवराम पाव्हण्यांना ते दार दोनदोनदा लावून दाखवायचा.

ती खोली गोदूसाठी होती. दुसऱ्या कुणासाठी नव्हतीच.

गोदू ही त्यांची एकुलती लेक. अंबरनाथला दिलेली. जावई सुदाम रंगाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. पोरगा सरळ, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. गोदूचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा घर कुडाचं होतं. पावसाळा होता. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागतेच. तिच्याशिवाय कंबर कशी धरणार आणि बाळाच्या टाळूला शेक कसा मिळणार? लाकडं ओली, गोवऱ्या ओल्या. शेगडी नुसती धुपायची. बाळ खोकायला लागलं, मग त्याची छाती वाजायला लागली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते गार झालं. डॉक्टरीणबाई फक्त एवढंच बोलली होती, "एवढ्या धुरात ठेवता बाळाला?"

ते वाक्य गोजरबाईच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं होतं. चुलीपुढे फुंकणी धरली की ते आठवायचं, भट्टीचा पिवळा धूर अंगावर आला की आठवायचं.

आता अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात गोदू पुन्हा भरल्या पोटाने माहेरी आली होती. सोडायला तिची सासू राजाबाई स्वतः आली. चहा प्यायली, खोलीच्या भिंतींवरून हात फिरवला आणि उंबऱ्यात चप्पल घालता घालता बोलली, "यंदा तरी पोर हातात घेऊन पाठवा, विहीणबाय. गेल्या खेपेला रिकामी ओटी पाठवलीत."

शिवरामने मान खाली घातली. गोजरबाई हसल्यासारखं करून बोलली, "यंदा काय काळजी करू नका." आणि मागे जाऊन मोरीत उगाचच स्वच्छ तांब्या घासत बसली.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर तिने हे जनाबाईला सांगितलं. जनाबाई अंबरनाथच्या बुद्धविहाराशेजारची. नवरा गिरणी संपात बसला तो घरीच बसलेला. दोघी बारा महिने एकाच ढिगाशी बसायच्या, एका डब्यात जेवायच्या.

"बोलू दे ना तिला," जनाबाई दगड मागे भिरकावत बोलली. "सासूच ती, बोलनारच. तू पोरीला सांभाळ."

"सांभाळीन ग. पन पाऊस बघितलास? सगळी लाकडं भिजली. पुन्हा तोच धूर."

"मग आपला कोळसा ने की. शहाणा. गावाला वाटतो आपन, आन् आपल्या घरात धूर?"

गोजरबाईचा हात थांबला. इतकी वर्षं त्या कोळशाशी बसून हे तिच्या डोक्यात कसं आलं नव्हतं? तो घरात जाळायचा कोळसा लोकांचा असतो, आपला नसतो, अशी सवय पडली होती. संध्याकाळी फाटकावर हिंदुराव बायकांच्या ओट्या चाचपून सोडायचा, खडा तरी बाहेर जातोय का म्हणून. आपल्याच हातची वस्तू, आणि अंग झाडून दाखवायचं.

त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. त्या वेळी कुणाला ती गोष्ट वाटलीच नाही. वारापाऊस एवढा सुटला की पत्र्याच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्र्या सोडल्या. मधे नुकताच फोडलेला ढीग अजून लाल होता. बायका त्याच्याभोवती कोंडाळं करून शेकत बसल्या. ओल्या लुगड्यांतून वाफा निघत होत्या. बरं वाटत होतं. धूर तर नव्हताच. थोड्या वेळाने गोजरबाईचं कपाळ ठणकू लागलं. जनाबाई उठायला गेली तर तिचे पाय लटपटले. बाहेर जाऊन ती भडाभडा ओकली.

"उपाशीपोटी शेकत बसता, मग भवळ येणार न्हाय तर काय?" हिंदुराव ओरडला आणि त्याने आपल्या डब्यातला गूळ दोघींच्या हातावर ठेवला. पावसात उभं राहून त्यांनी तो खाल्ला. डोकं उतरलं. गुळाचा गुण आला म्हणून दोघी हसल्या.

गोदूला मुलगा झाला. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात, दिवसाउजेडी, काही त्रास न होता. चांगला वजनाचा, डोक्यावर हे जावळ. शिवरामने पेढे वाटले, तेही असे की शेजारच्या कोंबड्यांनाही मिळाले असतील. नातू घरी आला तेव्हा गोजरबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, मीठमोहऱ्या उतरल्या आणि विटांच्या खोलीत बाज टाकली. बाजेखाली शेगडी ठेवली. लाकडं त्यातल्या त्यात सुकी निवडली होती. तरी धुपलीच. खिडकी उघडली, दार उघडलं. धूर गेला पण झड आत आली. बाळ एकदा शिंकलं, मग ठसकलं.

एवढंच. एक ठसका. पण गोजरबाईला तेवढं पुरलं. तिने शेगडी उचलून भर पावसात नेऊन उलटी केली. निखारे चरचरले.

"आये, अशी काय करतेस? पोरा शिंकनारच की," गोदू बाजेवरून बोलली.

"तू गप. मना नको ता धूर. परत नको."

दुसऱ्या दिवशी शेठ भट्टीवर आला तेव्हा ती त्याच्या स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. शेठ हिंदुरावशी ट्रकचं बोलत होता. ती पदर सारखा करत उभीच. बोलणं संपलं, शेठने पान लावलं, चघळलं, आणि मग त्याची नजर गेली.

"क्या है बाई?"

"शेठ, लडकी बाळंतीण है घरमे. थोडा कोळसा पायजे होता. शहाणा."

बाकीच्या बायका वेचायचं थांबवून बघत होत्या. कान लाजेने तापले. इतक्या वर्षांत ती कधी काही मागायला गेली नव्हती. शेठने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हसला.

"अरे, बच्चे के लिए है तो पूछना क्या? हिंदुराव, बाई को अच्छावाला निकालके दे. मुकद्दर वाला बच्चा है, टेकचंद का माल जलायेगा." स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, "ये तो साफ चीज है बाई. दरवाजा बंद करके जलाओ. गर्मी बाहर मत जाने देना."

माणूस मनापासून बोलला. त्यालाही तेवढंच ठाऊक होतं. हिंदुरावने स्वतः बसून एकसारखे, खणखणीत खडे निवडले आणि पाटी भरून दिली. जनाबाईने आपला जुना गोणपाट वर झाकायला दिला. ती पाटी डोक्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडताना कुणी तिची ओटी चाचपली नाही. त्या दिवशी गोजरबाई स्टेशनापर्यंत लेकुरवाळीच्या ठसक्यात चालत गेली.

आणि काय सांगावं, शेगडी पेटली ती देवासारखी. आधी अंगणात फुलवायची, लाल झाली की आत न्यायची. ना धूर, ना वास, ना डोळ्यांना चुरचुर. बाजेखालून मऊ ऊब यायची. बाळाच्या अंगाला तेल चोळून गोजरबाई हात शेगडीवर धरायची आणि ते तळवे त्याच्या पोटावर ठेवायची. पोर असं आळस द्यायचं की बघणाऱ्याला झोप यावी. शेजारपाजारच्या बायका बघायला येत, जात, दार सारखं उघडं-झाक व्हायचं. येणारी प्रत्येक जण विचारायची, "अगो, धूर कसा नाय?"

"आमच्या भट्टीचा हाय," गोजरबाई सांगायची. "आमी त्याला शहाणा केला." आयुष्यात एवढा मान तिला कशाने दिला नव्हता.

बारसं झालं. नाव ठेवलं धर्मराज. येणं-जाणं कमी झालं. भट्टीवरून निरोप आला, मोठी मागणी आहे, खाडे पुरे. त्या सकाळी पाऊस आडवा मारत होता. वारा असा की छत्री हातात ठरेना. शिवरामला बांध फुटायच्या आत शेतावर जाणं भाग होतं. गोजरबाईने पोराला न्हाऊ घातलं, शेक दिला, गुंडाळून गोदूच्या कुशीत ठेवलं. खिडकीच्या फटीतून पाण्याचे तुषार थेट बाजेवर येत होते. तिने खिडकी लावली. तरी फट राहत होती, तिथे जनाबाईचा गोणपाट कोंबला. लाकडं जाळायची तेव्हा खिडकी उघडी ठेवावीच लागे. आता धूरच नाही तर ती उघडी कशाला?

शेगडी नीट भरली. संध्याकाळपर्यंत पुरावी इतकी.

"आये, गरम होतंय जरा," गोदू जांभई देत बोलली.

"होऊ दे. बाळंतिणीला गरमच पायजे. झोप तू. रात्रभर जागवलंय तुना या चोरानं." तिने नातवाच्या गालाला बोट लावलं. त्याने झोपेतच ओठ चोखले. मग ती बाहेर पडली आणि मापात बसवलेली ती फळी ओढून घेतली. दार घट्ट बसलं की नाही ते ढकलून पाहिलं.

भट्टीवर काम निम्म्यातच थांबलं. पाणी शेडमध्ये शिरलं आणि हिंदुरावने सगळ्यांना घरी सोडलं. गोजरबाईला आनंद झाला. येताना स्टेशनाबाहेर तिने बाळंतिणीसाठी ताजे बोंबील घेतले. घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. दार तसंच लावलेलं. हळूच ढकललं. आतली ऊब तोंडावर आली.

दोघं झोपलेली. गोदू कुशीवर, एक हात पोराच्या अंगावर. आणि दोघांचे गाल कसे, तर लाल गुलाबी. गोदू तशी फिकटच, पहिल्या बाळंतपणापासून तिच्या तोंडावर रया नव्हती. आज तिचे ओठ विडा खाल्ल्यासारखे दिसत होते. पोरगं तर सफरचंद. गोजरबाई दारात उभी राहून बघतच राहिली. डोळे भरून आले तिचे. शेक लागला, ती मनात बोलली. लागला एकदाचा पोरीला शेक. रक्त चढलं अंगावर.

उठवू नये म्हणून तिने दार पुन्हा अलगद ओढून घेतलं.

मग ती कुडाच्या जुन्या घरात चुलीपाशी बसली. बोंबील साफ केले, मीठ लावलं. लसूण सोलला. गुणगुणतही होती. पोर रडत कसं नाही, भूक कशी लागली नाही, असं एकदा मनात आलं, पण म्हटलं, निजलंय तर निजू दे. चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून तिने पदराने डोळे पुसले आणि कुडाचं दार आणखी उघडलं.

शिवराम शेतावरून आला. इरलं उतरवत त्याने विचारलं, "पोर कसा हाय?"

"निजलंय. गुलाबासारखा झालाय, बघ जा. आवाज नको करू."

तो गेला. आणि त्याने तिला जी हाक मारली ती हाक नव्हतीच. बैलाला कुणी सुरी घातली तर तो तसा ओरडेल.

ती धावली. शिवरामने गोदूला काखेत धरून ओढत दाराबाहेर काढलं होतं, आणि तिचं डोकं त्याच्या हातावरून लोंबत होतं. गोजरबाईने नातू उचलला. गरम होता. त्याचा गाल अजून गुलाबी होता. म्हणून तिला वाटलं, आहे, आहे. तिने त्याला पावसात धरलं. पाण्याचे थेंब त्याच्या पापण्यांवर पडले. पापणी हलली नाही. तिने त्याच्या तोंडात फुंकलं, तळपाय चोळले, उलटा धरला, सुलटा धरला. "धर्मा, अरे धर्मा, उठ ना रे," ती सांगत होती, जसं काही मोठ्या माणसाला समजावतेय. अंगणात गोदू एकदा घुर्र करून श्वास ओढून ओकली, आणि शेजारची माणसं धावत आली.

गोदूला दवाखान्यात नळी लावली. ती वाचली. बाहेरच्या बाकावर गोजरबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला देईना. डॉक्टर तरुण होता. खाली उकिडवा बसला तिच्यासमोर.

"खोली बंद होती का? आत शेगडी होती?"

"होती. पन धूर नव्हता, साहेब. बिनधुराचा कोळसा हाय तो. मीच करते."

डॉक्टरने तिच्या मांडीवरच्या बाळाच्या गालाकडे बघितलं. मग हळू बोलला, "आजी, धूर नसला तरी त्यातून विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. गाल लाल होतात. धूर असता तर मुलगी खोकत उठली असती, दार उघडलं असतं."

"मना कोनी सांगितला नाय."

"नसेल सांगितलं."

"सगल्यांनी सांगितला, धूर गेला की विष गेला." ती शिवरामकडे बघायला लागली, जणू त्याने साक्ष द्यावी. "दोगा निजलेली. मी बघून आलते. गाल बघून मी दार लावून घेतला हो. मी बोंबील साफ करत बसले."

शिवरामने तिच्या मांडीवरचं ते गाठोडं हळूच काढून घेतलं. पहिल्यांदाच त्याने लोकांदेखत तिच्या खांद्यावर हात ठेवला. "गोदूला नको सांगू," तो बोलला. "ती मरेल. तिला सांगू, पोराची छाती कच्ची होती."

तसंच सांगितलं. सुदामलाही तसंच, आणि गोदू दवाखान्यात होती ती धसक्याने भोवळ आली म्हणून. गोदू घरी आली, त्याच बाजेवर, पण आता कुडाच्या घरात. तिला काही आठवत नव्हतं. गरम होत होतं आणि झोप आली, एवढंच. दूध उतरायचं आणि चोळी भिजायची. गोजरबाई गरम पाण्याने शेकून दूध पिळून काढायची आणि तुळशीत ओतायची. गोदू रडत नव्हती, हेच वाईट होतं. आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत बसायची.

गोजरबाई भट्टीवर गेलीच नाही. एकदा जनाबाई आली, दाराशी बसली. तिला सगळं कळलं होतं. "त्या दिवशी आपन ओकलो ना शेडमध्ये," ती बोलली, "तेवा कळाय पायजे होता ग. मीच तुला बोलली, घरी ने." दोघी एकमेकींचे काळे हात धरून बसून राहिल्या.

महिना झाला. गोदूला न्यायला राजाबाई आणि सुदाम आले. सुदाम खांबाला टेकून पायाच्या नखाने जमीन उकरत होता. चहा झाला. राजाबाईने कप ठेवला.

"झाला ते झाला," ती बोलली. "पन मना खरा सांगा. धडधाकट पोर झोपेत कसा गेला? आमच्या शेजारच्या बायका बोलतात, आयच्या अंगाखाली आला असेल. दोन पोरा गेली. हिला निजायची शुद्ध नसते का?"

गोदूने मान वर केली नाही. उजवा हात तिने पदराखाली लपवला. आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली, अगदी हळू. "हो आत्या. माझा हात होता त्याच्या अंगावर. मीच दाबला त्याला. मना जागच आली नाय."

गोजरबाईच्या हातातून पातेलं सुटलं. म्हणजे महिनाभर पोर हा हात बघत होती ते यासाठी. शिवराम गोजरबाईकडे बघून मान हलवत होता, नको, नको. पण आता कसलं नको? लेकीच्या डोक्यावर आपलं पाप ठेवून तिला गाडीत बसवायची?

"नाय," ती बोलली. आवाज मोठा निघाला. "गोदूने नाय. मी मारला त्याला. मी शेगडी भरली, मी खिडकीत गोणपाट कोंबला, मी दार लावला. त्या कोळशाचा विष दिसत नाय. धूर नव्हता म्हनून मना वाटला, चांगला. डॉक्टरने सांगितलाय, विचारा यांना. घरी आले तेवापन मी बघितला, आन् गाल बघून खूश झाले. पुन्हा दार लावून घेतला." एवढं बोलून ती खाली बसली.

राजाबाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. सुदाम अंगणात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गोदू सरकत सरकत आईजवळ आली. "म्हंजे मी नाय दाबला?"

"नाय, माझे बाय."

"खरा? माझ्या हाताने नाय?"

"तुझी शपथ. तुझा हात त्याच्या अंगावर फुलासारखा होता. मी बघितलाय."

मग गोदू रडली. महिनाभर साठलेलं सगळं रडली, आईच्या मांडीत तोंड खुपसून, तिच्या लुगड्याला दोन्ही मुठींनी धरून, धर्मा धर्मा करत. गोजरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. इतकं दुःख आणि त्यातही छातीतला एक दगड निघाल्यासारखं झालं. तिला वाटलं, लेकीने मला माफ केलं. मग वाटलं, माफ नसेल केलं, पण धरलं तरी आहे ना अजून.

निघायची वेळ झाली. गोजरबाईने तोंड धुतलं, सुपात तांदूळ घेतले, नारळ घेतला. उंबऱ्यात गोदूला पूर्वेकडे तोंड करून उभी केली. पोर पदर पसरेल की नाही, तिला कळेना.

गोदूने पदर पसरला. गोजरबाईने ओंजळीने तांदूळ घातले. काळ्या नखांतून पांढरे दाणे पडत होते. नारळ ठेवला, कुंकू लावलं. गोदू वाकून पाया पडली. उठताना तिने आईचा हात धरला, तो काळा तळवा आपल्या गालाला लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"आये," ती बोलली, "पुढच्या टायमाला मी इकडे नाय येनार."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नको येऊस, बाय," गोजरबाई बोलली. "तिकडेच कर."

ती तिघं वळणाआड गेली. पाऊस पुन्हा आडवा यायला लागला. विटांच्या खोलीचं दार वाऱ्याने भिंतीवर आपटत होतं आणि पाणी आत बाजेपर्यंत गेलं होतं. शिवराम दार लावायला उठला.

"राहू दे," गोजरबाई बोलली. "उघडाच राहू दे ता."